मेलेलं प्यादं परत येत नाही

माझ्या कपाटात एका काळ्या डब्यात आठ सेंटिमीटर व्यासाची डिस्क आहे. तळहातावर ठेवली तर बोटांच्या आतच राहते, नेहमीच्या सीडीपेक्षा चांगलीच लहान. तिच्यावर नाव आहे ‘फायर एम्ब्लेम: पाथ ऑफ रेडियन्स’. ऑक्टोबर २००५ मध्ये अमेरिकेतल्या दुकानांत ती आली तेव्हा पन्नास डॉलरला मिळत होती, त्या काळातल्या कुठल्याही नव्या गेमसारखी. आज डबा नाही, पुस्तिका नाही, नुसती सुटी डिस्क घ्यायची म्हटलं तरी दीडशे डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. डबा आणि पुस्तिका धड असतील तर दोनशेच्या वर. आणि कारखान्यातून निघाल्यापासून जिचं प्लास्टिकचं वेष्टण कुणी फोडलेलंच नाही अशी प्रत निघाली, तर आकडा त्याच्याही कितीतरी पुढे जातो.

जुन्या वस्तूंचा बाजार आपल्याला नवा नाही. चोरबाजारातले ग्रामोफोन, छपाईत चूक राहिलेली टपाल तिकिटं, पहिल्या आवृत्तीची पुस्तकं यांचे भाव का चढतात ते कुणीही सांगेल. व्हिडिओ गेमकडे मात्र आपण दोन वर्षांत शिळी होणारी वस्तू म्हणून बघतो. मग वीस वर्षं जुन्या गेमला तिप्पट-चौपट पैसे कोण मोजतं, आणि ते पैसे नेमके कशाचे? या प्रश्नामागे मी बरीच वर्षं आहे, कारण हा गेम मला फार आवडतो. उत्तर सांगण्याआधी हा खेळ काय आहे ते सांगायला हवं.

*

या मालिकेशी माझी गाठ पडली ती डोंबिवलीत, मावसभावाच्या कम्प्युटरवर. मी तेव्हा कॉलेजात होते. निन्टेंडो या जपानी कंपनीची गेमची यंत्रं आपल्याकडे दिसायची ती बहुधा ओळखीतल्या कुणी दुबईहून किंवा अमेरिकेहून आणली तरच. बाकीच्यांसाठी इम्युलेटर होता, म्हणजे कम्प्युटरला दुसऱ्या यंत्राचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्रॅम. त्यावर दादाने मला याच मालिकेतला ‘द सेक्रेड स्टोन्स’ लावून दिला आणि तो चहा टाकायला गेला.

त्या गेममध्ये सुरुवातीलाच रॉस नावाचा पोरगा भेटतो. हातात कुऱ्हाड, अंगात बळ नाही, तोंडी बढाया मात्र मोठ्या. त्याचा बाप गार्सिया जुना सैनिक. बापलेक दोघेही आपल्या बाजूला येतात. मी रॉसला पुढे घेतलं, एक घर जास्तच पुढे. शत्रूच्या पाळीत लुटारू त्याच्यावर चालून आले. पडद्यावर त्याचे शेवटचे शब्द उमटले आणि तो गेला.

“आता पुढच्या लढाईत येईल ना हा?” मी विचारलं.

“नाही येत. मेला तो.”

“म्हणजे?”

“म्हणजे मेला. आता गेम संपेपर्यंत बाप एकटाच.”

पुढच्या लढाईत गार्सिया खरोखरच एकटा उभा होता. त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. त्या शनिवारी रात्री तीनपर्यंत मी रॉसला मागच्या रांगेत ठेवून एकेक घर मोजत होते.

चौकोनी घरांचा पट, आळीपाळीने चाली, प्रत्येक मोहऱ्याची चाल निराळी, एवढं वर्णन केलं की आपल्याला बुद्धिबळ आठवतं, आणि ते योग्यच आहे. भारतातलं चतुरंग पश्चिमेकडे जाऊन चेस झालं. जपानमधली शोगी त्याच कुळातली. शोगीत मारलेली सोंगटी पकडली जाते आणि पकडणाऱ्याच्या बाजूने पुन्हा पटावर उतरू शकते. आपल्या बुद्धिबळात मेलेलं प्यादं निदान पुढच्या डावात तरी आपल्या जागेवर हजर असतं. फायर एम्ब्लेममध्ये पुढची लढाई ही याच कथेचा पुढचा अध्याय असते. तिसेक लढाया एका गोष्टीत ओवलेल्या. पहिल्या लढाईत गेलेला माणूस तिसाव्या लढाईतही गेलेलाच.

आणि इथल्या प्रत्येक मोहऱ्याला नाव आहे, चेहरा आहे, घरदार आहे. तलवार कुऱ्हाडीला भारी पडते, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला. शस्त्रं वापरून झिजतात आणि मोडतात. अनुभव साठत गेला की सैनिकाचा हुद्दा वाढतो. प्याद्याचा वजीर होतो तसंच, फक्त त्या प्याद्याला तुम्ही वीस लढाया हाताला धरून चालवलेलं असतं. म्हणून तो मेला की लागतं.

हा नियम घातला शोझो कागा यांनी. क्योटोतली इंटेलिजंट सिस्टिम्स ही कंपनी निन्टेंडोसाठी गेम बनवते. तिथे कागांनी रचलेला पहिला फायर एम्ब्लेम २० एप्रिल १९९० रोजी जपानमध्ये निन्टेंडोच्या फॅमिकॉम या यंत्रावर आला. निर्माते होते गुनपेई योकोई, ज्यांच्या हातून गेम बॉय हे हातात धरून खेळायचं यंत्र घडलं. संगीत युका त्सुजियोको यांचं. खेळाडूने चुका पुसत न बसता त्या सोबत घेऊन पुढे जावं आणि प्रत्येकाच्या हातून निराळी कथा घडावी, अशी कागांची कल्पना होती. तेरा वर्षं हे गेम जपानबाहेर अधिकृतपणे विकले गेले नाहीत.

*

संग्राहकांच्या दृष्टीने या मालिकेतली सर्वांत विलक्षण वस्तू पाथ ऑफ रेडियन्स नाही, ‘थ्रॅशिया ७७६’ आहे. तिची हकिगत थोडी सविस्तर सांगते, कारण हरवण्याचा एक निराळा प्रकार तिच्यात दिसतो.

आपल्याकडे नव्वदच्या दशकातल्या मुलांनी टीव्ही गेमच्या चौकोनी काडतुसाला ‘कॅसेट’ म्हटलं. जपानी मुलंही त्याला ‘कासेत्तो’च म्हणत. १९९७ मध्ये निन्टेंडोने जपानमध्ये पुन्हा पुन्हा लिहिता येणारी कॅसेट काढली. लॉसन नावाची चोवीस तास उघडी असणारी दुकानं तिथे नाक्यानाक्यावर आहेत. तिथे ही कॅसेट न्यायची, पैसे भरायचे, आणि तिच्यावर हवा तो गेम उतरवून घ्यायचा. मन भरलं की तीच कॅसेट पुन्हा न्यायची, जुना गेम पुसून नवा घ्यायचा. थ्रॅशिया १९९९ मध्ये पहिल्यांदा आला तो याच मार्गाने. ज्या सुपर फॅमिकॉमसाठी तो होता, ते यंत्र तेव्हा जवळजवळ निवृत्त झालं होतं. प्लेस्टेशनचं राज्य सुरू होऊन पाचेक वर्षं होत आली होती. नेहमीची, पुसता न येणारी कॅसेट आली ती थेट जानेवारी २००० मध्ये.

म्हणजे पहिल्या खेपेच्या कितीतरी प्रती मालकांनी स्वतःच्या हाताने पुसल्या असणार. त्यांनी काही चूक केली असं नाही, सेवाच त्यासाठी होती. आज त्या पहिल्या खेपेचा गेम जिच्यावर शाबूत आहे अशी कॅसेट जिवापाड जपली जाते.

त्याच सुमारास कागा कंपनीतून बाहेर पडले. २००१ मध्ये त्यांनी प्लेस्टेशनसाठी ‘टियर रिंग सागा’ आणला. तो फायर एम्ब्लेमशी इतका मिळताजुळता होता की निन्टेंडो कोर्टात गेली. नक्कल झाल्याचा दावा टिकला नाही, पण साम्याचा गैरफायदा घेतल्याबद्दल प्रकाशक आणि कागांच्या कंपनीवर सुमारे ७ कोटी ६० लाख येनची भरपाई बसली. ज्याने मालिका घडवली त्याच्याच कंपनीला तिच्यासारखं काही केल्याची भरपाई द्यावी लागली. मला हा निकाल पटत नाही, पण तो झाला.

पश्चिमेत ही मालिका पोचली ती आडवाटेने. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ या २००१ च्या मारामारीच्या गेममध्ये मार्थ आणि रॉय हे फायर एम्ब्लेमचे दोन नायक होते. ते जपानीतच बोलत. अमेरिकन मुलं विचारू लागली, हे दोघे कोण? २००३ च्या अखेरीस गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरचा फायर एम्ब्लेम इंग्रजीत आला, मग सेक्रेड स्टोन्स, आणि मग पाथ ऑफ रेडियन्स.

*

जपानीत या गेमच्या नावाचा अर्थ ‘निळ्या ज्वालेची वाट’ असा काहीसा होतो. २० एप्रिल २००५ रोजी, म्हणजे मालिकेच्या पंधराव्या वाढदिवशी, तो जपानमध्ये प्रसिद्ध झाला. दिग्दर्शन ताएको कानेदा यांचं, पात्रांची चित्रं सेनरी किता यांची. मालिकेत पहिल्यांदाच सगळं त्रिमितीत आलं. ते आज जरा खडबडीत दिसतं. पण या गेमचं मोल दिसण्यात नाही, लिखाणात आहे.

आधीच्या गेमचे नायक बहुतेक राजघराण्यातले असत. इथला आयक एका भाडोत्री तुकडीच्या म्होरक्याचा मुलगा आहे. बाप ग्रेल, बहीण मिस्ट, आणि घरच्यासारखी दहाएक माणसं. लुटारूंपासून गावं राखायची, मिळतील त्या पैशांत भागवायचं. शेजारच्या डेईन देशाचा राजा अ‍ॅशनार्ड त्यांच्या क्रिमिया देशावर चाल करून येतो, तिथली राजकन्या एलिन्सिया यांच्या आसऱ्याला येते, आणि या लहानशा तुकडीवर एका देशाचा भार पडतो. सातव्या अध्यायाच्या शेवटी एक काळा चिलखतधारी ग्रेलला आयकच्या डोळ्यांसमोर मारतो. दुसऱ्या दिवशी तुकडीतले दोघे, शिनॉन आणि गॅट्री, या पोराच्या हाताखाली आम्ही राहणार नाही म्हणून निघून जातात. हे कथेतच घडतं, तुम्ही कितीही चांगलं खेळलात तरी. इतके दिवस जपलेला तुमचा उत्तम तिरंदाज तुम्हाला सोडून जातो आणि तुम्ही बघत राहता. पुढे कधीतरी तोच शिनॉन शत्रूच्या बाजूने समोर उभा राहतो. त्याला परत मिळवायची एक वाट आहे. त्याने ज्याला गुपचूप तिरंदाजी शिकवली तो लहानगा रॉल्फ आधी त्याच्याशी जाऊन बोलतो, आणि मग खुद्द आयकने त्याला हरवायचं. पुस्तिकेत हे कुठेही लिहिलेलं नाही.

टेलियस या खंडावर दोन प्रकारचे लोक राहतात. बिऑर्क म्हणजे आपल्यासारखी माणसं. लॅगुझ म्हणजे वाघ, मांजर, ससाणा, डोमकावळा, ड्रॅगन अशी रूपं घेणारे. बिऑर्कांनी लॅगुझांना पिढ्यान् पिढ्या गुलाम केलेलं. कायद्याने गुलामी उठली, मनातून उठलेली नाही. ‘माणसाहून हलका’ अशा अर्थाची एक शिवी सगळ्या गेमभर ऐकू येते, आणि सभ्य, मायाळू माणसांच्या तोंडून येते. सेरीन्सच्या रानात बगळ्याचं रूप घेणारी एक शांत जमात राहत होती. धर्मप्रमुखाच्या खुनाचा आळ त्यांच्यावर घेतला गेला आणि जमावाने रानासकट त्यांना जाळलं. दोघांच्या मिश्र रक्ताची लेकरं अंगावरची खूण लपवत जगतात, कारण दोन्हीकडचे त्यांना दारात उभं करत नाहीत. जातीच्या समाजात वाढलेल्या वाचकाला यातलं काहीही उलगडून सांगायची गरज नाही. क्योटोतल्या लोकांनी लिहिलेल्या, ड्रॅगन आणि जादूच्या एका गेममध्ये आपल्या ओळखीचं इतकं काही सापडेल, असं मला वाटलं नव्हतं.

जिल हे त्यातलं माझं सर्वांत आवडतं पात्र. डेईनच्या सरदाराची मुलगी, उडत्या वाहनावरची लढवय्यी. लॅगुझ म्हणजे जनावरं हे तिला शाळेत शिकवलेलं, आणि तिचा त्यावर प्रामाणिक विश्वास आहे. लॅगुझांचा पाठलाग करता करता ती आयकच्या जहाजावर येऊन पडते. त्यांच्याबरोबर जेवते, भांडते, लढते. लेथी नावाच्या लॅगुझ सेनानीशी तिचे खटके उडतात आणि हळूहळू मैत्री होते. पण ही मैत्री आपोआप होत नाही. दोघींना तुम्ही लढायांत सोबत ठेवलंत, तळावरची त्यांची बोलणी ऐकलीत, तरच. विसाव्या अध्यायात समोरच्या सैन्याचा सेनापती जिलचा बाप असतो. त्या वेळी ती त्याच्याशी बोलली आणि तिच्या मनात इकडच्या कुणाविषयी पुरेसा जिव्हाळा रुजलेला नसला, तर ती बापाकडे जाते. तुमच्या विरुद्ध उभी राहते. माझ्या पहिल्या खेपेला ती गेली. मी लेथीला प्रत्येक लढाईत उतरवत होते आणि जिलला बहुधा मागे तळावरच ठेवत होते, कारण डावाच्या दृष्टीने ते सोयीचं होतं. पटावर केलेल्या सोयीने एक माणूस गमावलं, ही शिक्षा मी अजून विसरलेले नाही.

असा गेम लोकांना पुन्हा खेळावासा वाटणारच. मुलाबाळांना दाखवावासा वाटणारच. आणि तो मिळत नव्हता.

*

न मिळण्याचं कारण साधं आहे. ज्या यंत्रासाठी हा गेम होता, तो निन्टेंडोचा गेमक्यूब जगभरात २ कोटी १७ लाखांच्या आसपास विकला गेला, त्याच पिढीतला प्लेस्टेशन २ पंधरा कोटींच्या वर. पाथ ऑफ रेडियन्स आला तेव्हा गेमक्यूबचा उतरणीचा काळ होता. वर्षभरात निन्टेंडोचं ‘वी’ हे नवं यंत्र येणार होतं. पश्चिमेत मालिका अजून नवखी, गेम लांबलचक आणि अवघड. दुकानदारांनी बेताच्याच प्रती मागवल्या. त्या खपल्या आणि विषय संपला.

मागणी उलट पुढे वाढत गेली. २००७ मध्ये वीवर याच कथेचा उत्तरार्ध, ‘रेडियंट डॉन’ आला. सुरुवातीच्या वीमध्ये गेमक्यूबची डिस्क चालत असे, आणि पहिल्या भागात घडवलेल्या सैनिकांचं बळ मेमरी कार्डवरून दुसऱ्या भागात नेता येई. मग २०१२-१३ मध्ये ‘अवेकनिंग’ आला. तो अडीच लाखांच्या खाली राहिला तर मालिका थांबवायची, असं ठरल्याचं निर्मात्यांनीच नंतर सांगितलं. त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती गेल्या. २०१९ चा ‘थ्री हाउसेस’ चाळीस लाखांच्या पुढे गेला. म्हणजे मालिकेचे बहुसंख्य चाहते असे आहेत, ज्यांनी पाथ ऑफ रेडियन्स दुकानात कधी पाहिलेलाच नाही. त्यांनी जुना गेम शोधायचा कुठे? २००५ साली छापलेल्या त्याच थोड्या प्रतींमध्ये. त्यातल्या काही फुटल्या, काही ओरखड्यांनी गेल्या, काही माळ्यावर पडून आहेत, काही काचेच्या कपाटात.

जपानी प्रत त्या मानाने बरीच स्वस्त मिळते. पण गेमक्यूबला देशाचं कुलूप असतं. जपानी डिस्क अमेरिकन यंत्रात चालत नाही, आणि चालवून घेतली तरी या गेमचा प्राण संवादात आहे, ते जपानीत. म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्या साऱ्या जगासाठी इंग्रजी प्रतींचा साठा तेवढाच.

बाजार प्रतींच्या तीन जाती मानतो. सुटी. पूर्ण, म्हणजे डबा, पुस्तिका, जाहिरातीचे चिटोरे यांसकट. आणि सीलबंद. पहिल्या दोन जातींच्या भावाबद्दल माझी तक्रार नाही. त्या घेणाऱ्याला बहुधा खेळायचं असतं, आणि पुस्तिका जपणाऱ्याला थोडे जास्त मिळाले तर ते योग्यच आहे. बनावट प्रतींचं दुखणं मात्र खरं आहे. डब्याचा कागद नव्याने छापलेला, पुस्तिका झेरॉक्ससारखी, डिस्कवरचं चित्र फिकट. डिस्कच्या मधल्या कड्यावरचे बारीक आकडे आणि मागची बाजू दाखवल्याशिवाय विक्रेत्याला पैसे देऊ नयेत.

तिसऱ्या जातीबद्दल मात्र मला बोलायचं आहे. २०२१ च्या जुलैमध्ये ‘सुपर मारिओ ६४’ ची एक सीलबंद प्रत अमेरिकेत हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. त्या गेमच्या एक कोटीहून जास्त प्रती जगात विकल्या गेल्या आहेत. खेळायला तो कुणालाही मिळतो. पैसे मोजले गेले ते वेष्टणाच्या शाबूतपणाचे. एक कंपनी प्रत तपासते, दहापैकी गुण देते आणि ती जाड प्लास्टिकमध्ये कायमची बंद करते. पाथ ऑफ रेडियन्सच्या प्रतीही अशा बंद झाल्या आहेत. मारिओचं एक वेळ चाललं, त्याच्या लाखो प्रती बाहेर आहेत. ज्या गेमच्या प्रतीच थोड्या आणि जो अन्यत्र मिळत नव्हता, त्याची एकेक प्रत कोंडली गेली की एकेक खेळणारा कमी झाला. कधीच न उघडलेली रंगपेटी महाग विकली जावी आणि शेजारी मूल कोरा कागद घेऊन बसावं, तसं हे आहे. माझ्या मते सीलबंद प्रतींचा बाजार या कलेचं नुकसान करतो.

तरी मूळ दोष संग्राहकांचा नाही. संग्राहक टंचाईवर पैसे लावतात. टंचाई होते ती बनवणाऱ्याने पुन्हा न विकल्यामुळे.

*

डिसेंबर २०२० मध्ये निन्टेंडोने १९९० चा मूळ फायर एम्ब्लेम पहिल्यांदा इंग्रजीत आणला. किंमत सहा डॉलर. सोबत जाहीर केलं की ३१ मार्च २०२१ नंतर तो विकत मिळणार नाही. तीस वर्षं वाट पाहिलेला गेम चार महिन्यांत दुकानातून गेला. त्याचीच पन्नास डॉलरची एक खास पेटी होती. तिच्यात जुन्या पद्धतीचा डबा, चित्रांचं जाडजूड पुस्तक, नकाशा आणि कॅसेटची शोभेची पारदर्शक प्रतिकृती. कॅसेटमध्ये गेम नव्हता. तो उतरवून घेण्याचा सांकेतिक क्रमांक वेगळा दिला होता.

त्याआधी २०१६ मध्ये ‘फेट्स’ची अमेरिकेत ऐंशी डॉलरची खास आवृत्ती आली होती. या गेमच्या तीन वाटा. दोन दुकानात कॅसेटवर मिळत, तिसरी, ‘रेव्हलेशन’, फक्त इंटरनेटवरून उतरवायची. तिन्ही एकाच कॅसेटवर असलेली ती तेवढी एकच आवृत्ती. ज्या यंत्रावर फेट्स चालतो, त्याचं ऑनलाइन दुकान निन्टेंडोने २७ मार्च २०२३ रोजी बंद केलं. त्या दिवसापासून तिसरी वाट नव्या माणसाला अधिकृतपणे विकत घेता येत नाही. संपूर्ण कथा हवी तर त्याला खास आवृत्तीची कॅसेटच शोधावी लागते. तिचा भाव का वाढला हे वेगळं सांगायला नको.

हे एका मालिकेपुरतं नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असं दिसलं की २०१० पूर्वी तिथे प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात अधिकृतपणे उपलब्ध नव्हते. जुनी प्रत विकत घ्या, इम्युलेटरची वाट धरा, किंवा विसरा. ग्रंथालयांनी असे गेम संशोधकांना दुरून वापरायला द्यावेत ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. पुस्तकाची आवृत्ती संपली तर ते निदान एखाद्या ग्रंथालयात मिळतं. गेमसाठी तेवढीही सोय करायला आपण कचरतो, याचं मला दुःख होतं.

२०२५ मध्ये निन्टेंडोने स्विच २ हे नवं यंत्र आणताना वर्गणीदारांना गेमक्यूबचे जुने गेम खेळायला देण्याचं ठरवलं, आणि पुढे येणार म्हणून जाहीर केलेल्या यादीत पाथ ऑफ रेडियन्सचं नाव होतं. वीस वर्षांनी का होईना, हे चांगलं झालं. हजारो लोकांना जिल भेटेल. पण ही वर्गणी आहे. ती थांबली की खेळ थांबला, आणि कंपनीने यादीतून नाव काढलं तर वर्गणी भरूनही उपयोग नाही. विकत घेऊन आपल्या कपाटात ठेवायची सोय त्यात नाही.

*

माझी प्रत मी २०१४ मध्ये घेतली, भाव आजच्याइतका चढण्याआधी. अमेरिकेहून कायमची परतलेली एक मैत्रीण तिचा जुना वी मला देऊन गेली. तिथलं यंत्र आपल्या विजेवर चालत नाही, म्हणून आधी ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला. डिस्क परदेशी विक्रेत्याकडून मागवली. ‘उत्तम स्थिती’ असं लिहिलं होतं. डबा उघडला तर पुस्तिका नव्हती आणि डिस्कच्या कडेला गोल ओरखडा होता. नवव्या अध्यायानंतरचं दृश्य तिथे येऊन अडकायचं. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात डिस्क घासून देणारं यंत्र होतं. दुकानदाराने ती उजेडात फिरवून बघितली, म्हणाला, “एकदाच घासता येईल, पुन्हा आणू नका.” त्याने एकदाच घासली. तेव्हापासून ती चालते आहे.

संग्राहकाच्या हिशेबात तिला फारसं मोल नाही. पुस्तिका नाही, पृष्ठभाग घासलेला. पण तिच्यासोबतच्या मेमरी कार्डावर माझे तीन पूर्ण डाव आहेत. तिसऱ्या डावात जिल बापाशी बोलली आणि तरीही आयकजवळ राहिली, कारण त्या खेपेला लेथी आणि ती लढायांत सोबत होत्या. माझ्या भाचीने गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत चौथा डाव सुरू केला. ती सातव्या अध्यायापर्यंत आली आहे.

तुमच्या घरीही दिवाळीच्या आवराआवरीत माळा रिकामा होईल. त्यात कुणाचा तरी जुना गेम बॉय, डिस्कचा डबा, कॅसेटची पिशवी निघेल. भंगारात किलोवर देऊ नका. कॅसेटच्या आत कित्येकदा नाण्याएवढी बॅटरी असते, तिच्यावर साठवलेले डाव तग धरून असतात. सेक्रेड स्टोन्सच्या अस्सल कॅसेटमध्येही ती आहे. ती संपली की सगळे डाव जातात, आणि बदलताना काढली तरी जातात. म्हणून आधी जाणकाराकडून डाव कम्प्युटरवर उतरवून घ्या, मग बॅटरी बदला. डिस्क कडांना धरून उचला, पुसताना मधून बाहेर सरळ पुसा, गोल फिरवून नको. डबा, पुस्तिका आणि डिस्क एकत्र ठेवा. विकायचं असेल तर खेळणाऱ्याला विका. आणि विकण्याआधी एकदा लावून बघा, आत कुणाचा तरी अर्धवट राहिलेला डाव असेल.